दोन चुलींचं रक्त

१

सोमवारी सकाळी नागपूरच्या प्रयोगशाळेतून जनुकांचा अहवाल आला. त्यातली एक ओळ लाल रंगात होती. धाड गावातली नळी क्रमांक एक्केचाळीस आणि वरवट बकालमधली नळी क्रमांक सतरा, या दोन्हींतलं रक्त एकाच व्यक्तीचं होतं.

बुलडाण्याच्या अभ्यास केंद्रात ही ओळ सगळ्यात आधी निवेदिता सावजीने वाचली. आलेला प्रत्येक आकडा तपासणं हे तिचं काम होतं. तिने दोन्ही नळ्यांच्या नोंदी काढल्या. धाड घाटावर, जिल्ह्याच्या एका टोकाला. वरवट बकाल घाटाखाली, दुसऱ्या टोकाला. नोंदींप्रमाणे या दोन वेगळ्या बायका होत्या, दोन वेगळ्या नावांच्या.

केंद्राचा अभ्यास मेदाम्लांचा होता, म्हणजे तेलातुपातून रक्तात उतरणाऱ्या घटकांचा. त्यांतल्या कोणाचा कॅन्सरशी संबंध आहे, हे जनुकांच्या पुराव्यावरून शोधायचं होतं. त्यासाठी कॅन्सरच्या रुग्णांचं, त्यांच्या नातेवाइकांचं आणि रोग नसलेल्या घरांतल्या माणसांचं रक्त गावोगाव जाऊन घेतलं होतं.

केंद्रप्रमुख डॉ. रमाकांत महाजन यांनी लाल ओळ वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धाडचं रक्त कोणी घेतलं?"

"महामाया गवईने."

"आणि वरवटच्या नळ्या तेव्हा आपल्या फ्रीझरमध्ये होत्या. फ्रीझरची चावी तिच्याकडे होती. धाडला माणसं मिळेनात म्हणून तिची तक्रारही होती." ते थांबले. "जुन्या नळीतलं थोडं रक्त नव्या नळीत ओतलं, की एक माणूस वाढतो."

"हे तुम्ही लिहिणार आहात?"

"शनिवारी समिती बसते आहे. कर्मचारी दोषी, कामावरून कमी, पुन्हा कुठल्याही अभ्यासात घेऊ नये. आणि धाडच्या सगळ्या नळ्या रद्द."

"सगळ्या?"

"एक खोटी निघाल्यावर बाकीच्यांची खात्री तुम्ही देता का?"

निवेदिताने शनिवारपर्यंतची मुदत मागितली. रमाकांतांनी ती दिली, पण चेहऱ्यावरून त्यांचा निकाल आधीच ठरलेला दिसत होता.

२

महामाया चिखलीची. नर्सिंगचा कोर्स करून या केंद्रात कंत्राटावर लागलेली. ती खुर्चीवर बसली नाही.

"मी म्हणे वरवटच्या नळीतलं रक्त ओतलं. मॅडम, वरवट बकालले कोणत्या रस्त्यानं जातात तेबी मले धड माहीत नाही."

"चावी तुझ्याकडे होती."

"माझ्याकडं, भागवतदादाकडं अन् तुळशीरामकाकांकडं. आळ तेवढा एकटीकडं आला."

"एक्केचाळीस नंबरची बाई आठवते?"

"हो ना. ओसरीवर बसली होती. तिच्या आईचं रक्त आधी घेतलं, ते चाळीस नंबर. आई पेशंट आहे. मग लेकीचं. प्रेरणा नाव. दंड पुढं केला अन् सुईकडं बघत राह्यली. बाकीच्या बाया तोंड फिरवतात."

"याआधी कुठे रक्त दिलंय का, हे विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणाली तिची आई."

निवेदिताने हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

प्रयोगशाळेतला भागवत नळ्या धुवत होता. नळ्यांवर लेबलं लावायचं काम त्याचं. त्याने मान वर न करता सांगितलं, "लेबलाची चूक म्हणाल तर माझ्या टेबलावर दोन्ही गावं एका दिवशी पाहिजेत. वरवटची लेबलं दिवाळीच्या आधी लागली, धाडची शिमग्याला. मधल्या काळात मी काय नळी हातात धरून बसलो होतो?"

"मग तुझं काय म्हणणं?"

"जुळ्या असतील. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. एक बहीण घाटावर दिली, एक घाटाखाली. साधी गोष्ट आहे. पण साध्या गोष्टीवर समिती बसत नाही."

म्हणजे तीन शक्यता होत्या. महामायाने रक्त ओतलं, भागवतकडून नळ्या बदलल्या, किंवा जुळ्या बहिणी. निवेदिताने नागपूरला फोन केला. मेदाम्लांची तपासणी अजून व्हायची होती. तिने सगळ्या नळ्यांतून तीन आधी घ्यायला सांगितल्या: वरवट सतरा, धाड चाळीस, धाड एक्केचाळीस.

आणि दुसऱ्या दिवशी ती तुळशीरामबरोबर वरवट बकालला निघाली.

३

तुळशीराम घाटाखालच्या गावांत रक्त घ्यायचा. प्रत्येक घर त्याच्या ओळखीचं. जीप दारात थांबली तसे अर्जुनराव खाटेवरूनच बोलले.

"अबे तुळशीराम, अजून रगत उरलं का बे आमच्या अंगात?"

"आज घेत नाही, अर्जुनराव. मॅडमले दोन गोष्टी इचाराच्या हायेत."

अर्जुनराव कापसाचे शेतकरी. मुलगा जिनिंगमध्ये कामाला, घरात सून शैलजा. सतरा क्रमांकाची नळी तिची होती. ती चहा घेऊन आली, कप ठेवले आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

निवेदिताने आधी सांगून टाकलं, की एका नळीच्या बाबतीत शंका आहे आणि केंद्रातल्या एका माणसावर आळ आला आहे. शनिवारी निर्णय आहे. सुनेचं रक्त घेताना कोण कोण होतं?

"मीच तं होतो. सूनबाई ह्याच खाटेवर बसून होती. तुळशीराम इचारे, मी सांगो."

"सगळी उत्तरं तुम्ही दिलीत?"

"हाव. जन्मसाल अंदाजानं सांगतलं. माहेरी कोणाले कॅन्सर हाये का, इचारलं. नाही म्हटलं. विहीणबाईचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं लग्नाच्या आंधी, तेवढंच. आता मांगं पाय मोडला त्यायचा, तं सूनबाई दिवाळीपासून शिमग्यापावतर तिकडंच होती. माहेर घाटावरचं. म्या म्हटलं, राह्य. आपल्या घरचं काम निभते."

"घरात तेल कोणतं?"

"करडईचं. घाण्यावरून आणतो."

"जवस?"

"नाव नका काढू. वास येते मले." मग त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, तुमी एवढ्या शिकलेल्या. तेलानं कॅन्सर व्हते का नाही, एवढं सांगून द्या."

"तेच शोधतोय. करडई खाणारा माणूस नुसती करडई खात नाही. कोणी तंबाखू खातो, कोणी दिवसभर शेतात राबतो, कोणी दुकानात बसून असतो. मग दोष तेलाचा की बाकीच्याचा, हे वेगळं काढता येत नाही. पण काही जणांना जन्मापासूनच असं जनुक मिळतं, की खाल्लेल्या तेलातून त्यांच्या अंगात एक ठरावीक मेदाम्ल जास्त तयार होतं. ते कोणाच्या वाट्याला यावं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. तंबाखू पाहून नाही, शेती पाहून नाही. अशा माणसांत कॅन्सर जास्त निघाला, तर संशय त्या मेदाम्लावर."

"अन् निघाला का?"

"अजून माहीत नाही."

"रगत नेलं दिवाळीच्या आंधी, अन् अजून माहीतच नाही." अर्जुनराव तुळशीरामकडे पाहून हसले. "बँकेवानी काम हाये तुमचं."

निवेदिता उठली. चौकटीपाशी तिने शैलजाला थेट विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"ते काय सांगन," अर्जुनराव म्हणाले.

शैलजाने पदर सारखा केला. "त्या ताईंची नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते," निवेदिता म्हणाली, आणि जीपमध्ये बसली. शेगाव मागे पडल्यावर तिने वही काढून शैलजाचं वाक्य लिहून घेतलं. आपण केंद्रातला एक माणूस म्हटलं होतं, ताई नाही. वरवटला रक्त घ्यायला तुळशीरामशिवाय कोणी कधी आलेलं नव्हतं.

४

गुरुवारी दुपारी नागपूरचा दुसरा अहवाल आला. निवेदिता तो घेऊन रमाकांतांच्या खोलीत गेली.

"महामायाने रक्त ओतलेलं नाही. भागवतकडून नळ्याही बदललेल्या नाहीत."

"कशावरून?"

"रक्त ओतलं तर त्याच्याबरोबर सगळंच जातं. जनुकं जातात तशी मेदाम्लंही जातात. या दोन नळ्यांची जनुकं सारखी आहेत, मेदाम्लं नाहीत. वरवटच्या नळीत करडईचा ठसा आहे, त्या गावच्या इतर घरांसारखाच. धाडच्या नळीत जवसाचा. तोही कधीमधी चटणी खाणाऱ्या घराचा नाही, रोज जवस खाणाऱ्या घराचा."

रमाकांतांनी कागद जवळ ओढला.

"ही मेदाम्लं आपण लाल पेशींतून काढतो," निवेदिता पुढे म्हणाली. "लाल पेशी तीन-चार महिने टिकतात. एका दिवसाच्या जेवणाने हा ठसा बदलत नाही. काही महिने एका स्वयंपाकघरात जेवावं लागतं. जनुक सांगतं माणूस कोण. मेदाम्ल सांगतं चूल कोणती. इथे माणूस एक आहे आणि चुली दोन."

"किंवा जुळ्या. भागवत म्हणतो तसं."

"तेही असू शकतं. उद्या धाडला जाऊन बघते. धाड चाळीस आणि एक्केचाळीस या मायलेकी आहेत, जनुकं निम्मी जुळतात. दोघींत जवस सारखंच आहे. आईला विचारलं की कळेल, मुली किती."

रमाकांतांनी दोन्ही नळ्यांचे आकडे बोटाने जुळवून पाहिले. ते मानी होते, पण आकड्यांशी भांडणारे नव्हते. "ओतलेलं नाही, हे मान्य. पण जुळ्या नसतील तर महामायाने एकाच बाईचं रक्त दुसऱ्या नावाने घेतलं असा अर्थ होतो. जाणूनबुजून. मग माझा अहवाल तोच राहील, फक्त गुन्ह्याचं नाव बदलेल."

दाराबाहेर महामाया उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मॅडम," ती म्हणाली, "काल मी रक्त ओतणारी होते, आज माणसं ओतणारी झाले."

५

धाडला त्या दिवशी बाजार होता. बसस्टँडपासून शालूबाईंचं घर गाठायला वेळ लागला. महामायाला निवेदिताने मुद्दाम बरोबर आणलं नव्हतं.

शालूबाई अंगणात होत्या. पाहुणी दिसताच त्या लगबगीने आत गेल्या, खुर्ची घेऊन आल्या, पुन्हा आत जाऊन पाणी आणलं. तांब्या उजव्या हातात होता. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजलेला होता. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या बायकांचा हात कधीकधी असा सुजतो, हे निवेदिताला रुग्णांच्या नोंदींवरून माहीत होतं.

"घरी कोण कोण?"

"मी अन् धाकटी प्राची. ती कॉलेजात गेली. थोरली प्रेरणा सासरी."

"दोघीच? जुळं वगैरे?"

"जुळं कुठलं. दोघींत सात वर्षांचं अंतर हाय. कामून?"

"असंच. स्वयंपाकात जवस असतं वाटतं रोज."

"रोज. चटणी, लाडू, भाकरीच्या पिठातबी. शेजारच्या बाईनं सांगितलं, या दुखण्याला चांगलं असतं."

"खायला हरकत नाही. पण ते औषध नाही, शालूबाई. डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका."

"सोडत नाही. प्रेरणा व्हती तवर तिनं एकबी चुकू दिली नाही. दिवाळीला आली ती शिमग्यालाच गेली. किमोला तीच न्यायची मला संभाजीनगरला."

निवेदिताने ग्लास खाली ठेवला.

"तुमचा पाय आता बरा दिसतोय."

"पायाला काय झालंय?" शालूबाई म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं. त्या खाली बसल्या आणि पदराने सुजलेला हात झाकला.

"तुम्ही वरवटला जाऊन आलात."

"हो."

"अर्जुनरावांना सांगितलं?"

"नाही. मलाही आत्ता नक्की झालं. तिथे ती शैलजा आहे."

"लग्नात ठेवलं त्यांनी. ताटात तांदळावर लिहून. आम्ही कुणी तिला शैलजा म्हणत नाही. इथं कुणी शैलजा म्हणून हाक मारली, तर ती मागं वळूनसुद्धा पाहायची नाही." त्यांनी अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. "पहिलं ऑपरेशन तिच्या लग्नाआधीच झालं. पोरीचं जमत आलेलं, म्हणून पिशवीचं सांगितलं. मग दुखणं उलटलं, तवा पायाचं सांगितलं. आता प्राचीला त्यांच्याच भावकीतलं स्थळ आलंय. अर्जुनरावांच्या पुतण्याचं. रक्तातच हाय म्हणतील अन् मोडतील."

"रक्त घेणाऱ्या बाईने विचारलं होतं, याआधी दिलंय का."

"मी नाही म्हटलं. मला तरी कुठं माहीत व्हतं? तिनं नंतर सांगितलं मला. म्हणाली, आई, तिकडं मामंजी नाही म्हणून बसले, माझ्या माहेरी कॅन्सर नाही म्हणून. मी गप बसले. खोट्या उत्तराखाली माझं रक्त गेलं. ज्या दुखण्याचा हे लोक शोध घेतात, ते आपल्याच घरात हाय. म्हणून इथं खऱ्या उत्तराखाली पुन्हा दिलं. दोन नळ्या कुणी जुळवून पाहील असं तिला वाटलं नाही."

निवेदिताने मग महामायाचं सगळं सांगितलं: शनिवारची समिती, नोकरी, धाडच्या नळ्या. "तुमच्या मुलीचं नाव मी समितीत घेणार नाही. अभ्यासाला नाव देणाऱ्याला आम्ही तसा शब्द दिलेला असतो. पण ती स्वतः बोलल्याशिवाय महामाया सुटत नाही, हेही खरं."

शालूबाई उठून घरात गेल्या आणि फोन घेऊन आल्या.

"तिला फोन करते," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते तिनं ठरवावं. आजवर तिच्या वतीनं आम्हीच बोलत आलो."

६

शनिवारी समितीच्या टेबलाभोवती रमाकांत आणि बाहेरून आलेले दोन सदस्य होते. महामाया दाराजवळच्या बाकावर बसली होती. हातात पिशवी होती. तिने ड्रॉवर रिकामा करून आणला होता.

निवेदिताने क्रमाने मांडलं. दोन्ही वेळा रक्त खरं आणि दोन्ही वेळा सुई टोचून घेतलेलं. ती बाई एकच, पण मधले महिने ती दुसऱ्या घरी जेवत होती. जुळी बहीण नाही. एका घरात तिचं एक नाव सांगितलं गेलं, दुसऱ्या घरात दुसरं, आणि दोन्ही खरी आहेत.

"दोन्ही खरी कशी?" एका सदस्याने विचारलं.

निवेदिता रमाकांतांकडे वळली. "सर, तुमच्या मॅडमचं माहेरचं नाव काय?"

रमाकांत क्षणभर गोंधळले. "कुमुद. आमच्याकडे हिमानी."

"एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून आपण पूर्ण नाव जुळवतो. बाईचं लग्न झालं की पहिलं नाव बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात हे झालेलं आहे, आणि आपल्यातल्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही. महामायाने तिला सांगितलेलं नाव लिहिलं. तिची चूक एकच. प्रश्न बाईला होता आणि उत्तर आईचं घेतलं. तुळशीरामनेही वरवटला तेच केलं, तिथे सासऱ्याचं घेतलं. त्यामुळे त्या बाईच्या तोंडचं एकही उत्तर आपल्याकडे नाही."

"बाईचं नाव?" रमाकांतांनी विचारलं.

"ते मी देणार नाही."

"मग हा तर्क झाला. चांगला तर्क आहे, निवेदिता. पण तर्कावर मी कोणाला निर्दोष लिहू शकत नाही."

महामायाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. निवेदिताने घड्याळाकडे पाहिलं नाही. वरवटहून शेगावमार्गे येणारी सकाळची एसटी कधीचीच येऊन गेली असणार, हे तिला माहीत होतं.

व्हरांड्यात कोणाचा तरी आवाज आला. शिपायाला कोणी तरी विचारत होतं, ते रगतवाले कुठं बसतात. मग दारात अर्जुनराव दिसले, आणि त्यांच्या मागून शैलजा पुढे आली.

"माझं नाव शैलजा," ती म्हणाली. "अन् प्रेरणाबी मीच. दोन्ही वेळा मी रक्त दिलं. या ताईंना काही माहीत नव्हतं. मी यांना सांगितलंच नाही."

 अर्जुनराव पुढे आले, पण समितीकडे वळले नाहीत.

"चार महिने," ते निवेदिताला म्हणाले, "चार महिने मी विहीणबाईले फोनवर पायाचं इचारत होतो. पाय कसा हाये, टेकवता येते का, तेल लावा म्हणो. करडईचं. अन् त्या बाई हाव हाव म्हणत. काल रातच्याले हे सांगते, मामंजी, पाय नाही मोडला." त्यांनी उपरण्याने मान पुसली. "मले आंधीच सांगतलं असतं तं म्या खाऊन टाकलं असतं काय इले?"

"प्राचीचं..." शैलजा म्हणाली.

"त्याचं घरी पाहू. पोराचा बाप मी नाही. इचारीन त्यायले. खरं सांगून इचारीन."

रमाकांतांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. त्यावर आधीच लिहिलेली निकालाची दोन वाक्यं कोणाच्याच कामाची राहिली नव्हती. "पुन्हा एकदा रक्त द्यावं लागेल," ते शैलजाला म्हणाले. "जनुकं जुळली, की धाडच्या नळ्या राहतील. आणि कर्मचाऱ्याच्या नोंदीत काहीही जाणार नाही."

"घ्या."

"भागवतला बोलवा."

"भागवत कशाले?" शैलजा म्हणाली. "या ताई घेतील ना."

महामायाने पिशवी बाकावर ठेवली, हात धुतले आणि नवी सुई काढली. शैलजाने दंड पुढे केला आणि सुईकडे बघत राहिली.

"नाव?"

"दोन्ही लिहा."

महामायाने दोन्ही लिहिली. "याआधी या अभ्यासात रक्त दिलं होतं?"

"हो. दोनदा."

"घरात, माहेरी किंवा सासरी, रक्ताच्या नात्यात कोणाला कॅन्सर?"

खुर्चीत बसलेले अर्जुनराव सवयीने पुढे झुकले. "सांग ना तिले, की..."

"काका," महामाया मान वर न करता म्हणाली, "तिले इचारलं हाये."

अर्जुनराव मागे टेकले. 

"हो," शैलजा म्हणाली. "माझ्या आईला."